निश्चित असो वा नसो

"तात्पुरतं नाही धरू," दिपक म्हणाला आणि चैताली "बरं" म्हणाली, एवढंच झालं होतं. भांडण नाही, आदळआपट नाही. तिनं त्याचा डबा भरला, पर्स घेतली, सासूला "येते हं आई" म्हणून सांगितलं आणि सकाळच्या शाळेत शिकवायला निघून गेली. पण नंतर अंघोळ करताना, शर्टाची बटणं लावताना आणि आता अक्कलकोट रोडनं एमआयडीसीकडे स्कूटर हाकताना ते "बरं" काही दिपकच्या कानातून जाईना. बायकोला तो ओळखून होता. ती चिडली की भांडी वाजतात, रुसली की भाजीत मीठ कमी पडतं, आणि हसू आवरेना झालं की ती ओढणी तोंडाला लावते. हे "बरं" यातल्या कशातच बसत नव्हतं. दुकानदारानं "तो माल संपला" म्हटल्यावर गिऱ्हाईक निघताना म्हणतं, तसलं ते होतं. चौकात सिग्नल पडला तेव्हा तो थांबला, आणि मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवेपर्यंत थांबलेलाच राहिला.

झालं होतं ते असं. चैतालीची पाळी चुकली होती. चाळिशीला टेकलेल्या बाईची पाळी मागंपुढं होतेच, आता जायची वेळ आली असेल, असं तीच हसत म्हणाली होती. तरी परवा येताना मेडिकलमधून तिनं तपासणीची पट्टी आणली. "उगीच," म्हणाली. आणि आज पहाटे दूध तापायच्या आत तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, इकडं या जरा." खिडकीच्या कट्ट्यावर ती पांढरी पट्टी ठेवलेली होती. एक रेघ ठसठशीत लाल. ती येतेच, ती नुसती पट्टी चालू असल्याची खूण. दुसऱ्या रेघेच्या जागी काहीतरी होतं. "बघा बरं," चैताली म्हणाली, "आहे का नाही?" दिपकनं चष्मा लावला. पट्टी खिडकीपाशी धरली, मग ट्यूबलाइटखाली धरली, तिरकी केली, सरळ केली, मोबाइलची बॅटरी लावली. जितकं बघावं तितकं ते काहीतरी विरत गेलं. मग त्यानं पट्टी खाली ठेवली, चष्मा काढला आणि कचेरीत बोलतो तसा बोलला, "सांगता येत नाही. तात्पुरतं नाही धरू. चार दिवसांनी परत सॅम्पल घेऊ." सॅम्पल! असल्या गोष्टीला सॅम्पल म्हणणारा नवरा उभ्या सोलापुरात दुसरा सापडायचा नाही, आणि हे त्याचं त्यालाच आता स्कूटरवर कळत होतं.

पण त्याच्या जिभेला ते वळणच पडलं होतं. महादेवप्पांच्या क्लिअरिंगच्या कचेरीत त्याची उमेदीची वर्षं गेली होती. सोलापुरातून टॉवेल आणि चादरी परदेशी जातात, परदेशातून यंत्रांचे भाग आणि रंग येतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक मालाचं कस्टम्सच्या पुस्तकात घर शोधून द्यायचं हे दिपकचं काम. जगात जेवढ्या म्हणून वस्तू आहेत तेवढ्या सगळ्यांना त्या पुस्तकात घर आहे. जिवंत घोड्यापासून जुन्या तसबिरींपर्यंत. अध्याय आहेत, अध्यायांत घरं आहेत, घरांत खोल्या आहेत, आणि ज्याला कुठंच जागा नाही त्याच्यासाठी प्रत्येक ठिकाणी शेवटी "इतर" म्हणून एक खोली राखून ठेवलेली आहे. दिपकला हे पुस्तक मनापासून आवडायचं. लोक थकून घरी आल्यावर टीव्ही बघतात, तो जेवताना ताटातल्या वस्तूंची घरं शोधायचा. लग्न नवं असताना शेंगाची चटणी ही चटण्या-मसाल्यांच्या घरात जाईल का तयार केलेल्या शेंगदाण्यांच्या, यावर तो चैतालीसमोर इतका वेळ बोलला होता की शेवटी तिनं चटणीची वाटीच उचलून घेतली आणि म्हणाली, "आधी जेवा. घर नंतर देऊ तिला." त्याला ते अजून आठवलं की हसू यायचं. आणि जिथं घर नक्की ठरत नाही तिथं काय करायचं, हेही पुस्तकात होतंच: तात्पुरतं काहीतरी धरायचं, नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि वाट बघायची. चूक होत नाही आणि बोलही लागत नाही. कचेरीत ही रीत सोन्यासारखी होती. स्वयंपाकघरात याच रीतीनं घात केला.

कचेरीत पंखा फिरत होता आणि महादेवप्पा कपाळाला विभूती लावून फोनवर कुणाशी तरी कानडीत बोलत होते. दिपकनं नेहमीसारखा संगणक चालू केला, पाण्याची बाटली उजव्या हाताला ठेवली, आणि नेहमीसारखं त्याला बरं वाटलं. हे बरं वाटणं ही त्याची खरी मिळकत होती. सगळं जागच्या जागी. दुपारी डबा, संध्याकाळी आईसाठी पानं आणि कात, रविवारी चैतालीबरोबर सिद्धेश्वर तलावाला एक चक्कर, येताना तिच्यासाठी भाजके दाणे. मूल नाही, हे त्याला आता आठवायचंसुद्धा नाही. एके काळी आठवायचं. पुण्याच्या दवाखान्यातल्या त्या गार हॉलमधल्या निळ्या खुर्च्या, भिंतीवरचे गुटगुटीत पोरांचे फोटो, आणि नाव पुकारलं की चैताली उठायची तेव्हा तिच्या पाठीवर चुरगळलेली कुर्ती. किती वर्षं ते चाललं. मग एकदा येताना गाडी कुर्डुवाडीला बराच वेळ थांबली. चैतालीनं खिडकीतून भजी घेतली, कागद मांडीवर पसरला, एक भजं त्याला दिलं आणि म्हणाली, "पुरे आता. मला परत त्या खुर्चीवर बसायचं नाही." त्याला आठवतं, त्या भज्याची चव त्याला एकदम कळली. इतकी वर्षं तो जेवत होता पण चव कळत नव्हती. गाडी हलली तेव्हा दोघंही हसत होती, कशाला कोण जाणे. त्या दिवसापासून त्यांचा संसार खऱ्या अर्थानं सुरू झाला असं तो मनाशी धरून होता. नातेवाइकांनी विचारून विचारून नाद सोडला. देवळात नवस बोलायला सांगणाऱ्या शेजारणींना चैताली सरळ सांगायची, "आमच्यात नाही नवस बोलत, मावशी, चहा घ्या." पुस्तकाच्या भाषेत सांगायचं तर त्यांना "इतर"मध्ये जागा मिळाली होती, आणि त्या खोलीत ऊन छान यायचं.

मग आज खिडकीपाशी आपण काय केलं? त्यानं समोरची टॉवेलची फाईल उघडली आणि तशीच मिटली. एखादी गोष्ट नाही धरणं ही काय वाईट गोष्ट आहे? नाहीच तर होतं आजवर. पण चैतालीनं विचारलं होतं तेव्हा तिचा एक हात कट्ट्यावर होता आणि दुसरा पोटाशी होता, आणि तिला स्वतःला तो हात तिथं असल्याचं माहीत नव्हतं. हे त्याला आत्ता आठवलं. सकाळी तो पट्टीच बघत होता.

"साहेब, येऊ का?" दारात एक मुलगी उभी होती. मुलगी म्हणजे तिशीची असेल. पाठीवर सॅक, पायात बूट, चेहरा उन्हानं रापलेला. ऋतुजा. सांगोल्याकडची, मेंढपाळाच्या घरातली, शिकून आली आणि इथंच एमआयडीसीत दोन खोल्या घेऊन तिनं प्रयोगशाळा काढली होती. शेळ्यामेंढ्यांमध्ये साथ येते, कळपच्या कळप बसतात, आणि रोग ओळखेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून जनावराच्या नाकातला स्राव घेऊन जागच्या जागी रोग सांगणारी पट्टी ती बनवत होती. आजवर बेंगळुरूच्या व्यापाऱ्याकडून कच्चा माल घ्यायची. आता पहिल्यांदाच सरळ परदेशातून मागवणार होती, आणि त्या मालाचं घर ठरवायला ती आली होती. तिनं सॅकमधून रुमालात गुंडाळलेली एक छोटी काचेची बाटली काढली आणि दिपकच्या टेबलावर ठेवली. आत डाळिंबाच्या रसासारखं लालभडक पाणी होतं.

"हे सोनं आहे," ऋतुजा म्हणाली.

फोनवरचे महादेवप्पा बोलता बोलता थांबले. "येन? सोनं?" त्यांनी फोन ठेवूनच दिला आणि खुर्ची सरकवत आले. त्यांच्या हातातली अंगठी त्यांनी बाटलीशेजारी धरून बघितली. "हे कसलं सोनं? कुंकवाचं पाणी दिसतंय."

"सोन्याचे इतके बारीक कण की ते पाण्यात तरंगत राहतात, खाली बसत नाहीत. तेवढं बारीक झालं की सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं." ऋतुजा हसली. "आमचे दादा पण तुमच्यासारखंच म्हणाले. ह्यात सोनं हाय व्हय? मग शेळीच्या नाकात कशाला घालतीस, तुझ्या गळ्यात घाल की."

"धुळाप्पा म्हणजे शहाणा माणूस," महादेवप्पा म्हणाले. ते ऋतुजाच्या वडिलांना, म्हणजे या दादांना, ओळखत होते. त्यांच्याकडून घोंगडी घ्यायचे.

दिपकला एकदम उजेड पडल्यासारखं झालं, सकाळपासून पहिल्यांदा. असला माल त्याच्या टेबलावर कधीच आला नव्हता. पुस्तकात मात्र होता, आणि तो त्यानं वाचलेला होता, उगीचच, आवडीनं. त्यानं पान काढलं. सोनं असूनही हे सोन्याच्या अध्यायात बसत नाही. ते रसायनांच्या अध्यायात आहे, आणि तिथं त्याला स्वतःचं घर आहे: कलिल, म्हणजे पाण्यात असे तरंगत राहणारे, मौल्यवान धातू, आणि पुढं मौल्यवान धातूंची संयुगं, मग ती रासायनिकदृष्ट्या निश्चित असोत वा नसोत. ते शेवटचे शब्द संयुगांसाठी, या पाण्यासाठी नव्हेत, हे त्याला ठाऊक होतं. तरी ते त्यानं मनात दोनदा म्हणून पाहिले. एवढं काटेकोर पुस्तक, स्वल्पविरामावरून कोर्टात जाणारं, आणि त्यात कुणीतरी इतक्या मोकळ्या मनानं लिहून ठेवलं होतं की निश्चित नसलं तरी या, तुमची जागा आहे.

"पण पुण्याचा एक एजंट म्हणाला, निदानाचं रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, म्हणून लिहा," ऋतुजा म्हणाली. "त्याला परवाना लागत नाही म्हणे. ह्याला लागतो."

लागत होता. काही लोक सोनंच रसायन म्हणवून आत आणायला लागले होते, म्हणून सरकारनं अलीकडे या घराच्या दाराला कुलूप घातलं होतं. आधी दिल्लीहून परवानगी, मग माल. त्यात महिने जाणार. महादेवप्पांनी दिपककडं बघितलं आणि आवाज मऊ केला. "रिएजंट म्हणून टाका की दिपकराव. पोरगी चांगलं काम करायलीय. शेवटी ह्याचं रिएजंटच होणार ना? होगली बिडरी, जाऊ द्या."

"होईल तेव्हा होईल," दिपक म्हणाला. हा त्याचा प्रांत होता आणि इथं त्याची जीभ कधी अडखळायची नाही. "माल दारात ज्या अवस्थेत येतो त्या अवस्थेत त्याचं नाव लिहायचं, मालक. पुढं त्याचं काय होणार, होणार का नाही, वाटेत सांडणार का टिकणार, ते बघायचं आपलं काम नाही. आज जे आहे ते आज लिहायचं. आणि ह्या घराची तर टीपच आहे, इथं बसणारा माल या भागातल्या दुसऱ्या कुठल्याही घरात टाकायचा नाही. हे हेच आहे. दुसरं काही नाही."

बोलून झालं आणि त्यानं पुस्तक मिटलं. आपलंच बोलणं आपल्याला कुणीतरी दुसऱ्यानं सुनावल्यासारखं वाटलं त्याला. आज जे आहे ते आज लिहायचं. पुढं टिकणार का नाही ते बघायचं आपलं काम नाही. हे तो इतकी वर्षं नव्या पोरांना, मालकांना, अडून बसलेल्या गिऱ्हाइकांना सांगत आला होता, आणि पहाटे स्वयंपाकघरात त्यानं नेमकं उलटं केलं होतं. तिथं त्यानं पुढचंच सगळं बघितलं होतं. चैतालीचं वय, निळ्या खुर्च्या, परत पुण्याच्या फेऱ्या, आणि समजा नाहीच टिकलं तर घरात पडणारी ती शांतता. दार उघडायच्या आधीच त्यानं पुढचे सगळे महिने बघून टाकले आणि आलेल्याला परत पाठवलं.

ऋतुजा नाराज झाली, पण भांडली नाही. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "खोटं लिहून आणायचं आणि मग दर वेळी जीव मुठीत धरून बसायचं, ते नको. परवान्याचा अर्ज करू या तुम्ही सांगाल तसा. तोवर मी इथंच शिजवते. सोन्याच्या क्षाराचं पिवळं पाणी उकळत ठेवायचं, त्यात औषध घालायचं, की पहिल्यांदा काळं पडतं आणि मग लाल होतं. दर घाण्याला रंग थोडा वेगळा येतो, एवढंच." महादेवप्पांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. सोनं असलेल्या खोलीत बसून चहा पिण्यात त्यांना फार मौज वाटत होती. मग ऋतुजानं दिपकच्या डब्यातलं चिमूटभर मीठ मागितलं, बशीत त्या लाल पाण्याचे चार थेंब टाकले, त्यावर मीठ भुरभुरवलं, आणि बघता बघता लाल पाणी जांभळं झालं, निळसर झालं. "एवढ्यानं बिघडतं," ती म्हणाली. "कण एकमेकांना चिकटतात. फार जपावं लागतं." दिपक बशीकडं बघत राहिला. एवढ्याशा मिठानं! त्यानं डब्याचं झाकण घट्ट लावलं, आणि ते बशीतल्या सोन्यासाठी नव्हतं हे त्याला कळत होतं.

"आणि रेघ कशी येते?" त्यानं विचारलं.

"हेच सोनं पट्टीवरनं ओलीबरोबर पुढं वाहत जातं. पट्टीवर एका जागी त्याला धरणारं काहीतरी लावलेलं असतं. पण स्रावात रोगाचं काही असेल तरच ते धरतं, नाहीतर सोनं तसंच पुढं निघून जातं. जिथं धरलं जातं तिथं लाल रेघ दिसते. सोन्याचीच रेघ असते ती. बायकांच्या तपासणीच्या पट्टीत पण बहुतेक हेच असतं."

दिपकनं चहाचा कप खाली ठेवला. मग बराच विचार करून, महादेवप्पांकडं न बघता, म्हणाला, "समजा शेळी आहे. आणि रेघ अगदी फिकट आली. तर?"

"फिकट असली तरी आहे म्हणजे आहे. आमच्याकडं माणसं म्हणतात, फिकट हाय म्हणजे थोडाच आजार. तसं नसतं. रंग असला की झालं. फक्त उशिरा बघितलं तर वाळल्याची एक करडी सावली दिसते, ती धरायची नाही. करडी असली तर सोडून द्यायची. लालसर असली, कितीही पुसट, तर ती रेघ."

"आणि शेळी जरा वयानं मोठी असेल तर?"

ऋतुजानं त्याच्याकडं बघितलं. "वयाचा काय संबंध, साहेब? रेघ वय बघत नाही."

महादेवप्पा म्हणाले, "दिपकराव, शेळ्या पाळायला लागलाय का काय?" आणि स्वतःच खो खो हसले. दिपकही हसला. ऋतुजा अर्जाचे कागद घेऊन गेली, महादेवप्पा बँकेत गेले, आणि तो एकटा त्या निळ्या पडलेल्या बशीसमोर बसून राहिला. लाल होती का करडी? रेघ आहे का नाही यात तो इतका गुंतला होता की रंग त्यानं बघितलाच नव्हता. त्यानं डोळे मिटले. पट्टी दिसली, कट्टा दिसला, मोबाइलचा पांढरा उजेड दिसला, आणि त्या उजेडात सगळंच करडं. ट्यूबलाइटखाली पांढरं. खिडकीपाशी काहीच नाही. चैतालीला फोन करून विचारावं का? पण काय विचारणार? सॅम्पलचा रंग कोणता होता?

त्याला वडील आठवले. नागनाथ. मिलच्या रंगखात्यात होते, घरी यायचे तेव्हा नखं कधी निळी असायची, कधी हिरवी, आणि जेवताना आई, मीनाबाई, म्हणायची, "हात धुतलं का रंगात बुडवलं?" मिल बंद पडल्यावरसुद्धा त्यांचा डोळा तसाच राहिला होता. बाजारात दुकानदारानं कापडाचा तागा उघडला की ते लांबूनच सांगायचे, हा रंग टिकल, हा दोन धुण्यांत जाईल. लहानपणी दिपकला त्यांनी लाल रंगांची नावं शिकवली होती. डाळिंबी, कुसुंबी, आबाशाही, गुलबक्षी. दिपक कापड हातात घेऊन डोळ्यांशी धरायचा, उलटं करायचा, उन्हात न्यायचा, आणि वडील त्याच्या हातातून ते काढून घ्यायचे. "लांबनं बघ. एकदाच बघ. लई बघितलं की रंग पळून जातो रं." तेव्हा त्याला ते वडिलांचं काहीतरी खूळ वाटायचं. रंग कुठं पळून जाईल?

लांबनं. एकदाच. चैतालीनं हाक मारली होती आणि तो स्वयंपाकघराच्या दारात आला होता, चष्मा अजून हातात होता. गॅसवर दूध होतं. खिडकीतून नुकताच उजेड येत होता. तिच्या कोपरापलीकडं कट्ट्यावर ती पांढरी पट्टी, आणि पट्टीवर... गुलबक्षी. फिकट, पण गुलबक्षीच. दोन रेघा. दारातूनच दिसल्या होत्या. चष्म्याशिवाय! आणि त्याच क्षणी त्याच्या पोटात इतका आनंद उसळला होता की तो घाबरला. चक्क घाबरला. एवढा आनंद त्याच्या सवयीचा नव्हता. त्याला रोजचा, बेताचा, रविवारच्या भाजक्या दाण्यांएवढा आनंद झेपायचा. म्हणून मग चष्मा, मग खिडकी, मग ट्यूबलाइट, मग बॅटरी. बघून बघून त्यानं तो रंग पळवून लावला होता. संशय त्याला नव्हताच. त्याला संशय हवा होता.

हे कळलं तेव्हा त्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटली, पण तिच्याखालून तो सकाळचा आनंद परत वर यायला लागला, आणि या खेपेला त्याला दाबायला हाताशी चष्मा नव्हता. दिपक एकटाच कचेरीत उभा राहिला. परत बसला. पाणी प्यायला. टॉवेलच्या फाईलवर उगीच हात फिरवला. समजा नाही टिकलं. समजा उद्या सगळं निळं पडलं. पडेल. तेव्हा रडू. तेव्हाचं तेव्हा. पण आज ते आहे, आणि जे आहे त्याला नाही म्हणून परत पाठवायचा अधिकार त्याला कुणी दिला होता? महादेवप्पा बँकेतून आले तेव्हा दिपक डबा न खाताच पिशवीत भरत होता. "अर्धा दिवस जातो मालक," तो म्हणाला. महादेवप्पांनी घड्याळाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. इतक्या वर्षांत हा माणूस कधी अर्धा दिवस गेला नव्हता. "तब्येत?" त्यांनी विचारलं. "एकदम बरी," दिपक म्हणाला आणि जिना उतरला.

ऊन रणरणत होतं. स्कूटरची सीट तापली होती. रस्त्यात त्याला सगळंच फार स्पष्ट दिसत होतं, टॉवेलचे गठ्ठे चढवणारे हमाल, रसाच्या गाड्यावरचं ओलं फडकं, एक बाई छत्री धरून चाललेली. कशालाही घर द्यावंसं वाटत नव्हतं. बुधवार पेठेतल्या त्यांच्या घराच्या ओट्यावर सावलीत मीनाबाई शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर केली. "लवकर आलास रं? बरं हाय नव्हं?"

"बरं आहे," म्हणून तो आत गेला.

चैताली शाळेतून येऊन वाळलेले कपडे घड्या घालत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि परत घडी घालायला लागली. तिचे डोळे कोरडे होते. ते जास्त वाईट होतं. दिपक स्वयंपाकघरात गेला. कट्टा स्वच्छ पुसलेला होता.

"फेकली," ती बाहेरूनच म्हणाली. "घंटागाडी आली होती. तुम्ही नाही धरू म्हणालात. मग ठेवून काय करायचं?"

तो दारात येऊन उभा राहिला. आता दाखवायला काही नव्हतं. कागद नाही, माल नाही, नमुना नाही. एवढ्या वर्षांत कशाच्याही आधाराशिवाय त्यानं एक ओळ लिहिली नव्हती.

"होती," तो म्हणाला.

"काय?"

"रेघ. लाल होती. मी दारात आलो तेव्हाच दिसली मला. चष्मा लावायच्या आधी."

चैतालीच्या हातात त्याचाच शर्ट होता. ती तो तसाच धरून बसली. "मग सकाळी?"

"भ्यालो."

"कशाला?"

"आपलं सगळं बरं चाललंय ना, चैताली. मला वाटलं..." तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला. "मी चुकलो. तू विचारलंस आणि मी तुला एकटी टाकून गेलो."

मग तिनं शर्ट बाजूला ठेवला. "मला काय दिसत नव्हतं होय?" ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "तुमच्या आधी दिसली होती मला. दोनदा बघितली, तोंड धुतलं, परत बघितली. मला माहीतच होतं हो. मला फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. एकटीनं आनंद करायला मला भ्या वाटत होतं."

"आहे," दिपक म्हणाला.

"परत म्हणा."

"आहे."

तिनं ओढणी तोंडाला लावली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खांदे हसून हलत होते, आणि दिपक तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिला.

ओट्यावरून मीनाबाईनं हाक दिली, "काय हाय रं आत? का रडाया लागली ती?"

चैतालीनं डोळे पुसले आणि दाराकडं मान हलवली. "जा. त्यांना पण सांगा." उद्या आधी रक्त तपासू, डॉक्टरांना विचारू, मग आईला सांगू, हे सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं. तो बाहेर गेला, शेंगांची टरफलं हातानं बाजूला सारून आईशेजारी बसला. तिनं डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"नातवंड हाय, आई," तो म्हणाला.